'खेळच आहे ना शेवटी': व्हीआरवरची कुमार-कादंबरी वाचक अर्ध्यात का सोडतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. पंधरा ते अठरा वयाच्या वाचकांसाठी तुम्ही व्हीआरवर, म्हणजे हेडसेट डोळ्यांवर लावून शिरायच्या आभासी जगावर, कादंबरी लिहिताय, 14 प्रकरणं झाली आहेत. नायिका मीरा, वय सोळा. तिचा मित्र ओजस एकाएकी सगळ्यांशी बोलणं तोडतो. तो एका आभासी जगात नाव-रूप बदलून वावरतोय असा तिला संशय येतो आणि ती त्याला शोधायला आत शिरते. कच्चा खर्डा पाच जणांना दिलात, त्यातल्या तिघांनी सहाव्या प्रकरणानंतर सोडून दिला. कारण सगळ्यांचं एकच: 'खेळच आहे ना शेवटी.' त्यावर तुमचे दोन प्रश्न आहेत. 'आत मेला तो बाहेरही मरतो' असा नियम घालू का? आणि तंत्रज्ञान किती समजावून सांगू?

दोन्हींची उत्तरं देतो, पण दुखणं वेगळीकडे आहे. तुम्ही दिलेले प्रकरणांचे सारांश पुन्हा एकदा ओळीने वाचा. पहिल्या पाच प्रकरणांत मीराची खोली आहे, आई आहे, दादा आहे, शाळा आहे. सहाव्यात ती हेडसेट लावते आणि, सातव्याच्या सुरुवातीच्या एक-दोन ओळी सोडल्या तर, थेट अकराव्यापर्यंत बाहेरचं कोणी दिसतच नाही. ती उभी आहे की बसली आहे, किती वाजलेत, तहान लागली आहे का, दाराला कडी आहे का, काही पत्ता नाही. व्हीआरची गोष्ट म्हणजे एकाच वेळी दोन ठिकाणी असलेल्या माणसाची गोष्ट. त्यातलं एक ठिकाण पुसून टाकलं की जे उरतं ते साधं अद्भुतकथेतलं राज्य. तेही असं, की इथे कुणाला खरं काही होत नाही हे लेखिकेनेच आधी सांगून ठेवलंय. मग वाचकाने जीव कशात अडकवायचा?

पुढचं बरंचसं एका निर्णयावर अवलंबून आहे, तो आधी घ्या. तुमचं यंत्र डोक्याला लावायचं आहे की मेंदूला जोडायचं? डोक्याला लावायचं असेल तर मीराचं शरीर खोलीत जागं असतं, चालतं, धडपडतं, तिला आईची हाक ऐकू येते. मेंदूला जोडायचं असेल तर शरीर झोपल्यासारखं पडून राहतं आणि त्याची राखण कोण करतं हाच मोठा प्रश्न होऊन बसतो. दोन्ही चालतात, पण ती दोन वेगळी पुस्तकं आहेत. तुमच्या खर्ड्यात तिसऱ्या प्रकरणात हेडसेट आहे आणि नवव्यात मीराला मातीचा वास येतो, तलवारीचा घाव दुखतो. म्हणजे मधेच यंत्र बदललं, आणि ते कुणी बदललं हे पुस्तकात कुठेच नाही. सोळा वर्षांची मुलगी, घरातलं यंत्र, चोरून वापर, असा तुमचा घाट आहे. त्याला मी हेडसेटच ठेवीन, कारण तिची सगळी अडचण घरातून येते. खालचं उत्तर तो निर्णय धरून आहे. मेंदूला जोडायचं ठरवलंत तर यातला मळमळीचा आणि खोलीचा भाग सोडून द्या, बाकीचं लागू पडेल.

आता मरणाचा नियम. तो घालायला हरकत नाही, पण तुम्ही तो ज्या कामासाठी घालताय ते काम तो करणार नाही. वाचक म्हणाला 'खेळच आहे', म्हणून तुम्ही खेळाला फाशीची शिक्षा जोडताय. हेडसेट म्हणजे दोन भिंगं, एक-दोन पडदे, थोडे कॅमेरे आणि कानाशी स्पीकर. यातलं काय माणसाला मारणार? त्याचं उत्तर शोधता शोधता तुम्हाला एखादी दुष्ट कंपनी, गुप्त लहरी आणि दोन पानांचं शास्त्रज्ञाचं भाषण लिहावं लागेल. शिवाय सोळा वर्षांच्या वाचकाला पक्कं ठाऊक असतं की चौदाव्या प्रकरणाच्या आधी नायिका मरत नाही. मरणाची धमकी सगळ्यात मोठी दिसते, पण तिचा वाचकावर परिणाम सगळ्यात कमी होतो.

त्याऐवजी विचारा: आतून बाहेर खरोखर काय येऊ शकतं? यादी चांगलीच लांब निघते. आत दिलेला शब्द, आत फुटलेलं गुपित, आत कुणीतरी चारचौघांत केलेला अपमान, आत घालवलेले तास, आत कुणाला तरी सांगितलेला घरचा पत्ता. सोळाव्या वर्षी यातली कुठलीही गोष्ट मरणापेक्षा जवळची असते. आणि तुमच्या कथानकाला तर एक हुकमी गोष्ट आयती मिळाली आहे, ती तुम्ही वापरलीच नाहीत: हालचाल.

हेडसेट डोकं आणि दोन्ही हात कुठे आहेत हे सेकंदाला कित्येक वेळा नोंदवत असतो, नाहीतर चित्र हलणारच नाही. ही नोंद बोटाच्या ठशासारखी निघते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तालावर ठोकळे कापायच्या एका व्हीआर खेळाच्या 50,000हून जास्त खेळाडूंच्या नोंदी तपासल्या होत्या. डोकं आणि हात यांच्या फक्त 100 सेकंदांच्या हालचालीवरून संगणकाने नेमका खेळाडू 94 टक्क्यांहून अधिक वेळा ओळखला. चेहरा नाही, आवाज नाही, नाव नाही. आता ओजसकडे पाहा. त्याने नाव बदललं, आवाज बदलला, साडेसहा फुटी राक्षसाचं रूप घेतलं. पण उत्तर देण्याआधी मान किंचित डावीकडे झुकवायची त्याची खोड गेली नाही, ती जाणारही नाही. मीरा त्याला त्या झुकण्यावरून ओळखते. आणि ज्या क्षणी ती ओळखते, त्याच क्षणी तिच्या लक्षात येतं की हे जग चालवणाऱ्यांना तर तो पहिल्या दोन मिनिटांतच कळला असणार. लपायला आलेला मुलगा सगळ्यात उघड्या जागी येऊन बसलाय. हे पणाला लावा. मरणाची गरजच उरत नाही.

तंत्रज्ञान किती सांगायचं, याला माझं उत्तर असं की सांगायचं फार थोडं, पण तुम्हाला माहीत असायला हवं बरंच. खर्डे तपासताना मी एक साधा नियम लावतो. यंत्राचा कुठलाही गुणधर्म कथेत पहिल्यांदा येईल तेव्हा तो कुणाची तरी अडचण करत यायला हवा. अडचण झाली की वाचक तो विसरत नाही आणि तुम्हाला समजावून सांगावा लागत नाही. सलग तीन ओळींपेक्षा जास्त स्पष्टीकरण होत असेल, तर ती माहिती चुकीच्या प्रसंगात आली आहे असं समजायचं.

तुमच्याच सातव्या प्रकरणाचं उदाहरण घेऊ. रात्रीचे दोन, घर झोपलंय, मीरा दिवा न लावता हेडसेट चढवते आणि तीन तास हिंडून येते. हे जमणार नाही. आजचे सुटे, म्हणजे संगणकाला न जोडता चालणारे, हेडसेट स्वतःची जागा अंगावरच्या कॅमेऱ्यांनी ओळखतात. ते खोलीतले कोपरे, कडा, टेबलाची टोकं टिपतात आणि त्यावरून डोकं कुठे सरकलं याचा हिशेब मांडतात. अंधारात त्यांतल्या बहुतेकांना काही दिसत नाही. मग जग जागेवरून वाहत जातं, हात भलतीकडे उडतात किंवा सरळ सूचना येते की उजेड कमी आहे. कोऱ्या पांढऱ्या भिंती आणि मोठे आरसे यांनीही असाच घोळ होतो. म्हणजे मीराला दिवा लावावाच लागेल. दिवा लावला की दाराखालच्या फटीतून उजेड बाहेर जाणार. ती फटीला टॉवेल लावते. आणि डोळ्यांवर यंत्र असल्यामुळे टॉवेल सरकलाय की नाही हे तिला तीन तास कळणार नाही. आतल्या जगात ती कितीही बिनधास्त फिरू दे, वाचकाचा अर्धा जीव त्या टॉवेलपाशी राहील. तुमच्या खर्ड्यात हरवलंय ते नेमकं हेच.

असे आणखी काही गुणधर्म सांगतो, प्रत्येकाच्या पोटात प्रसंग दडलेला आहे.

खोली. उभं राहून फिरायचं तर साधारण दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा लागते. कडेला गेलं की हवेत जाळी उमटते आणि पुढे भिंत आहे असा इशारा देते. त्यामुळे मीरा 'तीन किलोमीटर धावत सुटली' हे पायांनी शक्य नाही. एकतर ती बोटाने जागा दाखवून तिथे उडी घेईल, नाहीतर हातातल्या कंट्रोलरची काडी ढकलून घसरत जाईल. उडी घेण्यात त्रास होत नाही, पण पाठलाग तुटक होतो. घसरत जाण्यात पाठलाग सलग होतो आणि पोट ढवळतं. डोळे सांगतात आपण चाललोय, कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो आपण उभे आहोत, आणि मेंदूला दोघांचा मेळ घालता येत नाही. वेगाने वळलं की हे वाढतं. बसायला गाडीसारखी स्थिर चौकट दिली किंवा हलताना दृश्याच्या कडा काळ्या करून नजर अरुंद केली, की कमी होतं. कुणाला पाच मिनिटांत होतं, कुणाला होतच नाही, आणि झालं तर हेडसेट काढल्यावरही तास-दोन तास रेंगाळू शकतं. म्हणून पाठलागाच्या प्रसंगात मीराला निवड करायला लावा: उड्या घेतल्या तर ओजस निसटणार, घसरत गेली तर सकाळी शाळेत चेहरा पांढराफटक. अशी निवड पात्राबद्दल जे सांगते ते वर्णनाने होत नाही.

अमर्याद मैदानावर सरळ चालत राहायचं असेल तर एक युक्ती आहे. दृश्य इतकं हळू फिरवत राहायचं की माणूस प्रत्यक्षात गोल फिरतोय आणि त्याला वाटतंय आपण सरळच चाललोय. पण प्रयोगांत असं दिसलंय की ही फसवणूक लक्षात येऊ नये म्हणून त्या गोलाची त्रिज्या साधारण 22 मीटर तरी लागते. म्हणजे तुमच्या बाराव्या प्रकरणातली शाळेची व्यायामशाळा पुरणार नाही. रिकामी गोदामं, विमान ठेवायची शेड, असं काहीतरी शोधा.

डोळे. हेडसेटच्या भिंगांमुळे पडदा डोळ्याला साधारण दीड-दोन मीटरवर असल्यासारखा दिसतो, वस्तू नाकाशी असो की डोंगरावर. जवळची वस्तू पाहताना बुबुळं आत वळतात, पण डोळ्याचं भिंग मात्र त्याच दीड-दोन मीटरवर धरून ठेवावं लागतं. यात डोळा दमतो. आठव्या प्रकरणात मीरा नाकाशी धरून बारीक अक्षरातली चिठ्ठी वाचते. तिथे तिचा हात लांब करा, चिठ्ठी सुवाच्य होईल आणि मागे उभ्या असलेल्या अनोळखी माणसालाही वाचता येईल. बघा, यंत्राच्या मर्यादेने चिठ्ठीच फोडली.

दोन बाहुल्यांमधलं अंतर ही तर रहस्यकथेची किल्ली आहे. मोठ्या माणसांत ते सरासरी 63 मिलिमीटरच्या आसपास असतं, माणसागणिक बदलतं, लहान वयात कमी असतं. बऱ्याच हेडसेटमध्ये भिंगं त्या अंतराला जुळवावी लागतात. दुसऱ्याच्या मापावर ठेवलेला हेडसेट लावला की चित्र धूसर, कपाळ जड. मीरा एका संध्याकाळी स्वतःचा हेडसेट लावते आणि तिला सगळं पुसट दिसतं. कुणीतरी तो वापरला आहे. पडद्यावर एक शब्द न लिहिता तुम्ही दादाला संशयाच्या घेऱ्यात आणलंत.

हात. कॅमेरे पुढे आणि बाजूला पाहतात. हात पाठीमागे नेला की यंत्र अंदाज बांधतं, थोड्या वेळाने हात हवेत थिजतो किंवा भलत्याच जागी सापडतो. पाय तर बहुतेक वेळा निव्वळ अंदाजच असतात. आत भेटणाऱ्या पात्रांचं वर्णन करताना हे वापरा. कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या योद्ध्याचं कोपर मधेच उलटं वळतं, हे एक वाक्य 'अद्भुत नगरी'च्या परिच्छेदापेक्षा जास्त पटतं.

बाकी किरकोळ: सुट्या हेडसेटची बॅटरी साधारण दोन-तीन तास, वजन अर्ध्या किलोच्या आसपास आणि तेही बहुतेक चेहऱ्यावर. काढल्यावर गालांवर आणि कपाळावर वळ उठतात, ते जायला वेळ लागतो. हेडसेट कपाळावर सरकवला की आतला सेन्सर पडदा बंद करतो आणि आतल्या जगात तुमचं रूप मान टाकून निश्चल उभं राहतं. नवव्या प्रकरणातलं सलग चौदा तासांचं सत्र ठेवायचं असेल तर वायर जोडा, आणि वायर जोडलीत की तिच्यात पाय अडकवा.

वास, चव, वेदना आणि वस्तूचं वजन या चार गोष्टी हेडसेट देत नाही. कंट्रोलर थरथरतो, तेवढंच. दगड उचलला तर हाताला तो कापसाइतकाही जड लागत नाही, आणि भिंतीत हात घातला तर हात भिंतीत जातो. खर्ड्यांत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण लेखणी सवयीने पंचेंद्रियं भरत जाते. मातीचा वास हवाच असेल तर खिडकी उघडी ठेवा आणि बाहेर पाऊस पाडा. आत वाळवंट, नाकात ओली माती. ही विसंगती कुठल्याही काल्पनिक गंधयंत्रापेक्षा सरस आहे.

आता तुमच्या वाचकांच्या मूळ आक्षेपाकडे येतो, 'खेळच आहे', म्हणजे खोटंच आहे. घटना खोट्या असतात, पण शरीर जे करतं ते खरं असतं, आणि याला पुरेसा आधार आहे. 1998 मध्ये बॉट्विनिक आणि कोहेन यांनी एक प्रयोग मांडला होता. माणसाचा खरा हात आडोशाला, समोर रबरी हात, दोन्हींवर एकाच वेळी एकाच तालात कुंचला फिरवायचा. थोड्या वेळाने तो रबरी हातच आपला वाटू लागतो. 2007 मध्ये यी आणि बेलेन्सन यांनी दाखवलं की आभासी जगात उंच रूप मिळालेले लोक वाटाघाटीत जास्त ताणून धरतात, ठेंगणं रूप मिळालेले लवकर नमतं घेतात. या परिणामाला 'प्रोटियस' असं नाव आहे. आभासी जगातल्या खोल दरीवरच्या फळीवर उभं केलं तर पायाखाली जमीन आहे हे पक्कं माहीत असूनही तळव्यांना घाम येतो. त्यामुळे ओजसने साडेसहा फुटी राक्षसाचं रूप घेतलं असेल तर ते नुसतं वेषांतर ठेवू नका. सहा महिने त्या रूपात राहिलेला मुलगा बोलताना अंतर कसं ठेवतो, वाद कसा घालतो, आणि मग स्वतःच्या साडेपाच फुटांत परतल्यावर त्याला काय काय टोचतं? या वयाच्या वाचकाला आरशाशी भांडण कसलं असतं हे सांगावं लागत नाही.

अंगाला हात लागण्याचंही तसंच. स्पर्श होत नाही, तरी कुणी चेहऱ्याला चेहरा भिडवला की माणूस दचकून मागे सरतो आणि शिसारी खरी येते. अशा तक्रारींनंतर काही आभासी जगांत प्रत्येकाभोवती अदृश्य कुंपण आलं. 2022 मध्ये आलेल्या अशा एका सोयीत दोघांमध्ये मिळून सुमारे 4 फूट अंतर राखलं जात होतं. तुमच्या जगात असं कुंपण ठेवा, आणि ते काढायचा अधिकार ज्याचा त्याला द्या. मीराने कुंपण कुणासाठी काढलं आणि कुणासाठी नाही, एवढ्यावर तीन प्रकरणांचं नातं उभं राहतं.

आत शिरण्याचा पहिला प्रसंग जरा जवळून पाहू. तुमच्या खर्ड्यात तो असा आहे:

'मीराने हेडसेट चढवला आणि क्षणार्धात ती एका विशाल, अद्भुत नगरीत पोहोचली. सगळं इतकं खरं होतं की तिचा डोळ्यांवर विश्वासच बसेना.'

यात मीराही नाही आणि नगरीही नाही. हाच प्रसंग असा करून पाहा:

'नाकाशी फट राहिली होती. खाली पाहिलं की तिथून गादीची निळी कड दिसायची. मीराने मागची चकती दोन घरं फिरवली, फट मिटली. समोर दगडी पूल. कठडा नाही. फरशी आहे, तिने स्वतःला बजावलं, खाली नुसती फरशी आहे. पाऊल उचललं. गुडघा काही ऐकेना. "मीरा, दार लावलंस का गं?" नदीच्या बाजूने आईचा आवाज आला.'

लांबी दुपटीहून जास्त झाली, पण त्यात चार कामं झाली. बाहेरची गादी आत डोकावली. फट मिटवणारा हात मीराचाच आहे, म्हणजे फसायची तयारी तिची स्वतःची आहे. गुडघ्याने शरीराची साक्ष काढली. आणि आईचा आवाज नदीकडून आला, कारण आई त्या दिशेच्या दारात उभी आहे आणि मीराला दार दिसत नाही, नदी दिसते. 'खरं' हा शब्द एकदाही आला नाही. तुमच्या खर्ड्यातून 'खरंखुरं', 'हुबेहूब', 'अद्भुत', 'क्षणार्धात' हे चार शब्द शोधून काढून टाका. जिथे वाक्य पांगळं होईल तिथे गादीची कड शोधायला लागा.

आवाजावरून आठवलं. मीरा आत बोलते तेव्हा ती खोलीतही बोलत असते. हे जवळजवळ सगळेच विसरतात. दाराबाहेरच्या आईला अर्धाच संवाद ऐकू येतो, 'नाही, तू मला सोडून जाऊ नकोस', आणि समोर कोणी नाही. एखादं अख्खं प्रकरण आईच्या कानांनी लिहून पाहा, फक्त मीराची वाक्यं घेऊन. तो प्रसंग वाचक आधी आतून अनुभवून आला असेल तर फारच छान.

भाषेबद्दल दोन गोष्टी, कारण मराठीत लिहिताना इथे हातात एक जादाचा पत्ता असतो. आपलं क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग उघडं करतं. पुरुषाच्या रूपात वावरणारी मुलगी आवाज बदलणारं यंत्र लावेल, पण घाईत 'मी आलेच' म्हणून जाईल आणि भांडं फुटेल. उलट हुशार पात्र स्वतःबद्दल बोलताना लिंग दिसणारी रूपं टाळत राहील: 'मला उशीर झाला', 'माझ्याकडून राहून गेलं'. ही टाळाटाळ ज्याच्या लक्षात येते तो तुमचा खरा गुप्तहेर. काही भागांत मुलीही 'मी आलो' म्हणतात, त्यामुळे हा पुरावा एखाद्या पात्राच्या बाबतीत साफ चुकीचाही ठरवता येतो. तीच गोष्ट तू आणि तुम्ही यांची. पांढऱ्या दाढीच्या रूपाला सगळे 'तुम्ही' म्हणतात, आणि एकजण नकळत 'तू' म्हणून जातो. त्याला आतला माणूस ठाऊक आहे.

दुसरं म्हणजे पारिभाषिक शब्द. 'आभासी शिरस्त्राण परिधान केलं' असं सोळा वर्षांचं कोणी म्हणत नाही. हेडसेट लावतात, काढतात, चार्जिंगला टाकतात. निवेदनात 'आभासी' चालेल, पात्रांच्या तोंडी नको. त्यांना स्वतःचे शब्द द्या, आणि ते साधेच असू देत. 'आत' आणि 'बाहेर' हे दोन शब्द पुरतात. 'तो आत आहे', 'बाहेर ये मग बोलू', 'ती बाहेरची कशी आहे गं?' कंपनी, मॉडेल, पडद्याचे आकडे मात्र लिहू नका. 1968 मध्ये आयव्हन सदरलंडने केलेलं डोक्यावरचं यंत्र छताला टांगावं लागायचं. 1995 मध्ये घरोघरी जाईल म्हणून बाजारात आलेलं एक यंत्र नुसतं लाल-काळं चित्र दाखवायचं आणि वर्षभरातच गुंडाळलं गेलं. ज्या वेगाने ही यंत्रं म्हातारी होतात त्या वेगाने तुमचं पान म्हातारं व्हायला नको. फट, पट्टा, वळ, उजेड, वायर असं जे शरीराला जाणवतं ते लिहिलंत तर यंत्र जुनं झालं तरी प्रसंग टिकतो.

शेवटाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सारांशात 'मग कळतं की बाहेरचं जगही आभासीच होतं' अशी ओळ आहे, म्हणून सांगतो. ती काढा. त्या एका ओळीने आई, टॉवेल, गालावरचे वळ, सगळ्याची किंमत शून्य होते, आणि वाचक ज्या शंकेने सहाव्या प्रकरणात उठून गेला ती तुम्ही स्वतःच मान्य करता. दुसऱ्या टोकाला जाऊन 'शेवटी खरं जगच बरं' असंही संपवू नका. ओजस आत का गेला याला त्याच्याकडे कारण आहे, आणि ते कारण मीराने हेडसेट काढल्याने नाहीसं होत नाही. आत त्याला काहीतरी चांगलं मिळालं होतं, एवढं पुस्तकाने कबूल करायला हवं. नाहीतर मोठी माणसं बोलताहेत हे वाचकाच्या तिथल्या तिथे लक्षात येतं.

दुरुस्तीला कुठून हात घालायचा? खर्डा छापून घ्या आणि दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. आतलं सगळं निळ्याने, बाहेरचं सगळं लालने समासात ओढत जा. 1500 ते 2000 शब्द सलग निळे दिसले की तिथे लाल ठिपका हवा. लगेच घरी परत यायची गरज नाही. पाय भरून येणं, बॅटरीची सूचना, कुणीतरी खांद्याला हात लावणं, एवढंही पुरतं. मग प्रत्येक आतल्या प्रसंगापुढे एक वाक्य लिहा: यामुळे बाहेर काय बदललं? जिथे उत्तर 'काही नाही' येईल तो प्रसंग कितीही देखणा असो, एकतर त्याला परिणाम जोडा किंवा कापा. तुमच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या प्रकरणात मिळून बहुधा एकच प्रसंग उरेल. कादंबरी बारीक होईल, होऊ द्या.

सगळं एकदम हाती घेऊ नका. आधी फक्त सहावं आणि सातवं पुन्हा लिहा, दिवा आणि टॉवेल धरून, आणि ज्या तिघांनी सोडलं त्यांनाच ती दोन प्रकरणं द्या. आवडलं का, असं विचारू नका. सातवं वाचून झाल्यावर त्यांच्या तोंडून पहिला प्रश्न कुठला येतो तो टिपून ठेवा. 'टॉवेल सरकला का?' असं कुणी विचारलं तर बाकीची प्रकरणं त्याच वाटेने न्या. 'त्या नगरीत पुढे काय आहे?' असं आलं, तर लाल ठिपके अजून वाढवावे लागतील.